ताळा जुळेपर्यंत: संख्यालेखनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

कामाला सुरुवात. संगणकाच्या पडद्यावर डाव्या बाजूला खड्यांचा ढीग, उजव्या बाजूला त्या ढिगाचं लेखन. खडा टाकला की लेखन बदलायला हवं, लेखन बदललं की ढीग. संख्या लिहिण्याच्या आठ-दहा पद्धती यात बसवायच्या आहेत. प्रत्येक पद्धतीला कामं दोनच: ‘लिही’ आणि ‘वाच’. आणि प्रत्येकीचा एक ताळा: ढीग लिहायचा, लिहिलेलं वाचायचं, तोच ढीग परत आला तर ताळा जुळला. खड्यांची चित्रं आणि हालचाल मैत्रिणीकडे, आतलं गणित माझ्याकडे.

पहिली पद्धत मुद्दाम सोपी घेतली: खाचा. एक खडा, एक खाच. पाच ओळींत संपली आणि ताळा पहिल्याच फटक्यात जुळला. संध्याकाळी त्या पाच ओळी पुन्हा वाचल्या तर त्यांत संख्या कुठेच नाही. खडा उचल, खाच पाड, खडे संपले की थांब. बेरीज नाही, मोजणी नाही, ‘सात’ हा शब्दही नाही. म्हणजे एकास एक संगती लावायला मोजता यावं लागत नाही. शाळेत आपण हे उलट क्रमाने शिकतो, म्हणून जरा चमकायला झालं.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांना शब्द नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यासमोर वस्तूंची रांग मांडून ‘तेवढ्याच’ वस्तू मांडायला सांगितलं, तर त्यांनी ती जोडी जवळजवळ बिनचूक लावली. रांग झाकून ठेवल्यावर मात्र चुका होऊ लागल्या. जोडी लावता येणं आणि जोडी लक्षात ठेवता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी हाडावर खाच पाडावी लागते किंवा तोंडात शब्द असावा लागतो. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या दोल्नी वेस्तोनित्से इथे १९३७ साली लांडग्याचं एक हाड सापडलं, त्यावर ५५ खाचा आहेत. त्या पाडणाऱ्याला ‘पंचावन्न’ म्हणता येण्याची काहीच गरज नव्हती.

६ जून

मैत्रिणीने सतरा खडे टाकले, खाचा उमटल्या. मग एक खडा वाढवला आणि म्हणाली, “काय बदललं सांग.” मला सांगता आलं नाही. तिलाही आलं नसतं.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये हेच स्वतःवर करून पाहिलं होतं. घेवड्याचे काळे दाणे एका छोट्या पेटीत फेकायचे, एक नजर टाकायची आणि आकडा सांगायचा, असे १,०२७ प्रयोग. तीन आणि चार दाण्यांना एकही चूक नाही. पाचापासून चुका सुरू, आणि पुढे वाढतच गेल्या.

खाचांना हा अडथळा नाही, वाचणाऱ्या डोळ्याला आहे. म्हणून पाचवी रेघ आधीच्या चार रेघांवरून तिरकी ओढायची सोय केली. इथे एक फरक जपून ठेवायचा आहे, नाहीतर पुढे गोंधळ होईल. तिरकी रेघ ओढली तरी रेघा पाचच राहतात, वस्तू पाचच. संगती तीच, फक्त मांडणी बदलली. रोमन पद्धतीतली पाचाची खूण मात्र एकटीच पाच वस्तूंच्या जागी उभी असते. तिथे संगती तुटली. निदान आज तरी मला तसं वाटतंय.

आपल्या अंकांतही जुन्या रेघा दडलेल्या आहेत. ब्राह्मीत एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्या आडव्या रेघा. हात न उचलता भराभर लिहिताना रेघा एकमेकींना चिकटत गेल्या आणि आपले २ आणि ३ तयार झाले. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन शिलालेखात एक आणि दोन या रेघाच आहेत, चारासाठी मात्र सरळ वेगळी खूण आहे. चिनी लिपीतही तीनपर्यंत आडव्या रेघा आणि चाराला निराळं चिन्ह. एकमेकांपासून इतक्या दूर असलेले लेखनिक एकाच जागी कंटाळले, आणि ती जागा जेव्हन्सचे डोळे जिथे अडखळू लागले त्याच्या अगदी अलीकडची.

११ जून

मातीचे खडे. या पद्धतीने चार दिवस खाल्ले.

मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) आणि आसपास इ.स.पू. सुमारे ८००० पासून मातीच्या छोट्या गोळ्या, शंकू, चकत्या सापडतात. पुरातत्त्वज्ञ डेनिस श्मांट-बेसेरा यांची मांडणी अशी की हे हिशेबाचे खडे होते: मालाचा प्रकार खड्याच्या आकारावरून कळायचा आणि माल किती ते खड्यांच्या संख्येवरून. पुढे, इ.स.पू. ३५०० च्या सुमाराला, हे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मुद्रा उमटवू लागले. म्हणजे मध्येच कुणी हात मारायला नको. पण मग आत काय आहे हे फोडल्याशिवाय कळेना. त्यावर उपाय म्हणून बंद करण्याआधी तेच खडे गोळ्याच्या ओल्या अंगावर दाबून ठसे घेतले. माल आणि खडे यांची एक संगती, खडे आणि ठसे यांची दुसरी. ठसे बाहेर दिसतच असतील तर आतले खडे कशाला हवेत, हा प्रश्न कुणाच्या तरी डोक्यात आला असणार. पुढच्या सपाट पाट्यांवर ठसे आहेत, खडे नाहीत.

पडद्यावर हे फार देखणं दिसतं. मैत्रिणीने गोळा फुटण्याची हालचाल इतकी छान केली आहे की आम्ही दोघी तो अर्धा तास नुसता फोडत बसलो होतो.

मग ‘वाच’ अडलं. मेसोपोटेमियातल्या उरुक शहराच्या सर्वांत जुन्या पाट्यांवर माणसं-जनावरं यांसारख्या सुट्या गोष्टी मोजताना छोटं वर्तुळ म्हणजे दहा छोटे शंकू-ठसे. धान्य मापताना तेच वर्तुळ म्हणजे सहा. ठसा एकच, किमती दोन. कशाची मोजणी आहे हे सांगितल्याशिवाय वाचताच येत नाही, म्हणून ‘वाच’ला लेखनाबरोबर मालाचं नावही द्यावं लागलं. बाकी कुठल्याच पद्धतीत हे लागलं नव्हतं. पाच मेंढ्यांतला पाच आणि पाच मापांतला पाच एकच, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की त्यासाठी वेगळा विचार करावा लागला असेल हेच सुचत नाही.

१२ जून

रंग बदलले. बाकी काही नाही.

१६ जून

इजिप्त आणि रोम एकाच दिवसात उरकले.

चित्रलिपीतली इजिप्शियन पद्धत प्रामाणिक आहे. एकाला उभी रेघ, शंभराला दोरीचं वेटोळं, हजाराला कमळ, लाखाला बेडकाचं पिल्लू, दहा लाखांना हात वर करून बसलेला देव. प्रत्येक खूण लागेल तितक्यांदा, नऊपर्यंत, काढायची. ९९९ लिहायला २७ चिन्हं लागतात. इथे लक्षात आलं की ६ तारखेची नोंद घाईत लिहिली गेली. संगती तुटलेली नाही, तिने पायरी बदलली आहे. वेटोळ्याला खड्याची जोडी नसते, शंभरांच्या गठ्ठ्याची असते. तीन वेटोळी, तीन गठ्ठे. प्रत्येक पायरीवर खाचांचाच खेळ.

ताळा जुळला, म्हणून खुशीत होते. मैत्रिणीने सहज रेघा आधी आणि वेटोळी नंतर अशी उलटसुलट चिन्हं टाकली. ‘वाच’ने बरोबर संख्या दिली, आणि ‘लिही’ने त्याच संख्येचं वेगळंच लेखन पुढे केलं. ती म्हणाली, “मी लिहिलेलं कुठे गेलं?”

बरोबर आहे तिचं. मी इतके दिवस ताळा एकाच दिशेने करत होते. ढिगापासून निघून ढिगापर्यंत आलं की जुळतो. लेखनापासून निघून लेखनापर्यंत यायला गेलं की फसतो. आजपासून दोन ताळे: सुलटा आणि उलटा. रोमन पद्धतीने उलट्या ताळ्यात लगेच नापास होऊन दाखवलं. चार लिहिताना पाचाच्या आधी एक रेघ, किंवा घड्याळाच्या तबकडीवर असतात तशा सरळ चार रेघा. दोन्ही बरोबर, दोन्ही चारच.

वजा करून लिहिण्याला हसण्यात अर्थ नाही, आपण ते रोज बोलतो. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत ही चाल टिकते. नव्याण्णवला मात्र आपणच ती सोडून देतो.

१९ जून

स्थानिक किमतीची पद्धत. इथे खुणेवरून गठ्ठा ओळखायची सोय गेली. ती कुठे बसली आहे यावरून ओळखायची. पडद्यावर खड्यांचे रकाने केले: एकक, दशक, शतक. एककाच्या रकान्यात दहावा खडा पडला की दहाही खडे विरघळतात आणि शेजारी एक उगवतो. हातचा! लहानपणी ‘हातचा एक’ म्हणताना तो एक नेमका कशाचा हे मला कधीच दिसलं नव्हतं. तो दहा खड्यांच्या बदल्यात मिळालेला एक खडा आहे.

रकाने पडद्यावर असेपर्यंत शून्याची गरज पडत नाही. रिकामा रकाना रिकामा दिसतो. रकान्यांच्या रेघा पुसल्या की घोटाळा. बॅबिलोनी लेखनिक खिळ्याच्या आकाराच्या खुणांनी, साठच्या पटीत लिहीत. एक खिळा म्हणजे एक की साठ, हे संदर्भावरून ठरवायचं. ६१ आणि ३६०१ यांत फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास त्या मोकळ्या जागेसाठी तिरक्या खिळ्यांची खूण आली, पण संख्येच्या शेवटी ती लिहीत नसत. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी वीसच्या पटीत लिहिताना शिंपल्याचं चित्र वापरलं. कंबोडियातल्या सांबोरच्या शिलालेखात शके ६०५ (इ.स. ६८३) लिहिताना मधला शून्य हा एक टिंब आहे. ग्वाल्हेरच्या ८७६ सालच्या शिलालेखातला २७० तर आजही कुणालाही शिकवल्याशिवाय वाचता येईल.

संगतीच्या बाजूने पाहिलं तर शून्य विचित्र आहे. बाकी प्रत्येक अंकाला कसली ना कसली जोडी आहे, याच्या जोडीला कुणीच नाही. रकाना होता आणि त्यात काही नव्हतं, एवढंच तो सांगतो.

याच दिवशी खाचांची पद्धत, जी पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती, ती कोसळली. एकही खडा नसलेला ढीग दिला तर ‘लिही’ने कोरं लेखन दिलं आणि ‘वाच’ कोऱ्या लेखनावर अडकून पडलं. दोन ओळींत दुरुस्त केलं, पण अडचण खरी आहे. कोऱ्या हाडावरून ‘मोजलं आणि शून्य निघालं’ आणि ‘अजून मोजलंच नाही’ यांतला फरक कळत नाही. कागदावर ‘०’ लिहिला तर कळतो.

२३ जून

मैत्रिणीने ००७ टाइप केलं. ‘वाच’ने सात सांगितले, ‘लिही’ने ७. उलटा ताळा नापास. आपली लाडकी दशमान पद्धत, आणि तिच्यात सातच लिहायच्या रीती अगणित: ७, ०७, ००७…

सोपा उपाय म्हणजे डावीकडचे शून्य बेकायदा ठरवायचे. ते केलंच. पण आज दुपारभर दुसऱ्याच एका पद्धतीच्या नादी लागले होते आणि वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही. शून्य काढूनच टाकायचा. अंक एकपासून दहापर्यंत, दहासाठी एकच अक्षर, समजा ‘द’. नवानंतर द, मग ११. एकोणीस म्हणजे १९, वीस म्हणजे १द: एक दशक आणि दहा एकक. शंभर म्हणजे ९द. एकशे एक म्हणजे द१. एकशे दहा म्हणजे दद, आणि त्यानंतर १११. हजार म्हणजे ९९द.

यात कुठलीही अंकांची माळ लिहा, तिची नेमकी एक संख्या आहे. कुठलीही संख्या घ्या, तिची नेमकी एक माळ आहे. सुलटा ताळा जुळतो, उलटाही जुळतो, कुठलीही माळ बेकायदा ठरवावी लागत नाही. आपण हे रोज पाहतो, फक्त दहाऐवजी सव्वीसच्या पटीत: संगणकावरच्या तक्त्यांत स्तंभांची नावं ए ते झेड आणि मग एए. तिथे शून्य नाहीच. १६,३८४ वा स्तंभ एक्सएफडी येतो. कागदावर करून पाहिलं: २४ गुणिले ६७६, अधिक ६ गुणिले २६, अधिक ४. जुळलं.

म्हणजे जागेवरून किंमत ठरवायला शून्य लागतोच असं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हाताने लिहून पाहिल्याशिवाय पटलं नव्हतं. आणि हीच पद्धत दहाऐवजी एकाच अंकावर चालवली तर? अंक एकच, ‘१’. एक म्हणजे १, दोन म्हणजे ११, तीन म्हणजे १११. या तर ४ जूनच्या खाचा.

मैत्रीण फारशी खूश नाही. “दहाने गुणायचं तर पुढे शून्य लावायचा, ती मजाच गेली,” म्हणाली. खरं आहे. दहाला दहाने गुणून ९द येतो, हे कुणाला समजावत बसणार? पद्धत जादा म्हणून मेनूच्या तळाशी ठेवली.

२७ जून

पिंगल या प्राचीन ग्रंथकाराचं छंदशास्त्र संख्यालेखन म्हणून घ्यायचं की नाही यावर वाद झाला. मी जिंकले.

‘यमाताराजभानसलगा’ म्हणत गण पाडलेल्या कुणालाही लघू-गुरू नवे नाहीत. तीन अक्षरांचे गण आठ. त्यांचा प्रस्तार, म्हणजे सगळ्या शक्य मांडण्यांची यादी, ठरलेल्या क्रमाने मांडतात: म, य, र, स, त, ज, भ, न. आता दोन प्रश्न. सहाव्या ओळीत कोणता गण आहे? हे ‘नष्ट’. ज गण कितव्या ओळीत आहे? हे ‘उद्दिष्ट’. म्हणजे ‘लिही’ आणि ‘वाच’, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र कृती दिलेली आहे!

नष्ट असं: संख्या सम असेल तर लघू लिहा आणि निम्मी करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा, निम्मी करा. सहा सम, लघू, उरले तीन. तीन विषम, गुरू, चाराचे निम्मे दोन. दोन सम, लघू. लघू-गुरू-लघू, हा ज गण. उद्दिष्ट शेवटून: एक घ्या, प्रत्येक अक्षराला दुप्पट करा, गुरू असेल तर दुपटीतून एक वजा करा. लघू, दोन. गुरू, चारातून एक गेला, तीन. लघू, सहा.

चार अक्षरांच्या सोळाही ओळी चालवल्या. दोन्ही ताळे जुळले. इथे ००७ची भानगड उद्भवतच नाही, कारण अक्षरांची संख्या आधीच बांधलेली असते. तिघांत आठ, चौघांत सोळा, एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

१ जुलै

जुन्या संस्कृत ग्रंथांतल्या भूतसंख्या, म्हणजे वस्तूंच्या नावांनी सांगितलेले अंक, जोडल्या. चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच, ऋतू सहा, ख म्हणजे आकाश म्हणून शून्य. एककापासून सुरुवात, अंकानां वामतो गतिः: अंक डावीकडे सरकत जातात. ख-वेद-नेत्र लिहिलं की २४०.

उलटा ताळा इथे कधीच जुळणार नाही, आणि जुळू नये अशीच योजना आहे. दोनसाठी नेत्र, कर, अश्विनीकुमार, जे वृत्तात बसेल ते. एकाच संख्येला इतकी नावं असल्यामुळेच श्लोक रचता येतो, आणि आकडे नकलताना बिघडतात तसा शब्द सहज बिघडत नाही, वृत्त लगेच लंगडतं. दिशा मात्र कुठे दहा, कुठे आठ. यादीत शेजारी इशारा दिला आहे.

यातलं खरं सौंदर्य वेगळंच आहे. ‘नेत्र’ ही दोनाची खूण कशी? तर ज्या ढिगाची डोळ्यांशी एकास एक जोडी लागेल, तो ढीग दोनाचा. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगने १८८४ मध्ये संख्येची व्याख्या याच पायावर केली: दोन समूहांची एकास एक जोडी लागली तर त्यांची संख्या एकच. छंदात बसवायची म्हणून केलेली सोय आणि तर्कशास्त्रातली व्याख्या एकाच वाटेने गेलेल्या पाहून मी बराच वेळ काहीच टाइप केलं नाही.

५ जुलै

मैत्रिणीला अर्धा खडा हवा आहे. “दशांश चिन्ह टाक ना, एवढं काय!” एवढंच नाही. ०.९९९… आणि १ ही एकाच संख्येची दोन लेखनं आहेत. ०.५ आणि ०.४९९९… हीही तशीच. जिथे जिथे दशांश संपतो तिथे तिथे जुळी निघतात. ती बेकायदा ठरवता येतील, जशी ००७ ठरवली. गणितज्ञ गेओर्ग कॅंटरची १८९१ ची कर्णाची युक्ती (यादीतल्या पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा असे तिरके अंक बदलत यादीबाहेरची संख्या बनवायची) दशांशांवर चालवतानाही ही जुळी आधी बाजूला ठेवावी लागतात.

पण त्या युक्तीतूनच मोठी अडचण निघते. मर्यादित लांबीचं जे जे काही लिहिता येईल ते सगळं आधी लांबीने, मग अक्षरक्रमाने रांगेत लावता येतं: पहिलं लेखन, दुसरं लेखन, तिसरं. म्हणजे सगळ्या लेखनांची १, २, ३… शी एकास एक जोडी लागते. वास्तव संख्यांची, म्हणजे संपणारे-न संपणारे सगळे दशांश धरून होणाऱ्या संख्यांची, लागत नाही, हे कॅंटरने दाखवलं. मग खुणा कितीही नव्या शोधा, पद्धत कोणतीही काढा, जवळजवळ सगळ्या वास्तव संख्यांच्या वाट्याला लेखन येणारच नाही.

अर्धा खडा रद्द. प्रकल्पात फक्त पूर्ण खडे.

९ जुलै

पहिल्यांदाच बाहेरच्या एका माणसाच्या हाती दिलं. त्याने खाचांची पद्धत निवडली, सात खडे टाकले, मग दोन काढून घेतले. खाचा सातच राहिल्या. “चूक आहे,” म्हणाला.

मातीच्या खड्यांत असं होत नाही. गोळा फोडायचा, दोन काढायचे. हाडावरची खाच मात्र परत भरून येत नाही. पूर्वी मी हे दोन प्रकार एकसारखे धरले होते, कारण दोन्हींत एकाला एक. खड्यांना वजाबाकी येते, खाचांना फक्त बेरीज.

मैत्रीण म्हणते, खडे कमी झाले की खाचा पुसून टाकू, वापरणाऱ्याला बरं पडेल. मी नको म्हणाले. शेवटी असं ठरलं की खडा काढला की खाचा तशाच राहतील, आणि शेजारी एक नवं, कोरं हाड येईल.